उसना हात

(तृतीय वर्ष, कला)

मराठीत एखाद्या मुलाचा निकाल लावायला एक अक्षर पुरते : ‘ढ’. मुळाक्षरांतल्या दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या वाट्याला हे काम आलेले नाही. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरे रूप बदलत आली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही सुधारणा होत नाही तो ‘ढ’, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी की रचलेली, हा भाषाशास्त्राचा प्रश्न. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. वर्गात ज्यांना ‘ढ’ म्हणतात त्यांतल्या काही मुलांचे भांडण अभ्यासाशी नसते, बुद्धीशी तर नसतेच. ते फक्त अक्षरांशी असते. आणि नेमके त्यांनाच आपण अक्षराने मारतो.

आपल्याकडे अक्षराचा मान मोठा. शाळेच्या भिंतीवर ‘सुंदर हस्ताक्षर हाच खरा दागिना’ असे रंगवलेले असते. थोडेफार शिकलेल्या माणसाबद्दल ‘चार अक्षरे शिकला’ असे आपण म्हणतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो ‘अक्षरशत्रू’. जणू त्यानेच अक्षरांशी वैर धरले! या मानापायी एक घोटाळा झाला आहे. लिहिता येणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधून टाकल्या आहेत. जो भराभर वाचतो तो हुशार, जो अडखळतो तो मठ्ठ. ज्याची वही नेटकी तो शहाणा, ज्याची वही खाडाखोडीची तो आळशी. हे गाठोडे सोडून पाहण्याचा योग मला नववीत असताना आला.

२०१९ सालचा फेब्रुवारी महिना होता. आमच्या तालुक्याच्या गावच्या हायस्कुलात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावले. दहावीच्या एका मुलाला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून नववीच्या वर्गात शोध चालला होता. माझे अक्षर स्वच्छ आणि हात भरभर चालणारा, एवढीच माझी पात्रता.

“त्याला दिसत नाही का, सर?” मी विचारले.

“दिसतं की. हातही धड आहे. डोकंही चांगलं आहे. वाचायचं आणि लिहायचं तेवढं जमत नाही.”

असा मुलगा असू शकतो, हेच मला नवीन होते. आंधळ्या मुलांना लेखनिक मिळतो, हात मोडलेल्याला मिळतो, हे ऐकले होते. पण सगळे धडधाकट असताना लिहिता न येणे म्हणजे काय, हे मला त्याच्या घरी सरावाला जाऊ लागल्यावर कळले. जवळजवळ तीन आठवडे मी संध्याकाळी तिथे जात असे. त्याच्या वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. शेतकऱ्यांचे जळालेले पंप तिथे येत. पुढे दुकान, मागे घर. दुकानात तांब्याच्या तारेची रिळे टांगलेली, वार्निशचा वास, आणि त्या वासात आमचा अभ्यास.

पहिल्याच दिवशी मी त्याच्यासमोर भूगोलाचे पुस्तक उघडून म्हणाले, “दादा, हा उतारा वाच ना.” त्याने वाचायला सुरुवात केली आणि ‘धरण’ला ‘घरण’ म्हणाला. थांबला. मागे गेला. ‘घर’ म्हणाला. पुन्हा थांबला. चार ओळींना पाच-सहा मिनिटे लागली, आणि ओळी संपल्या तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मग पुस्तक माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, “तू वाच. मी ऐकतो.” मी तोच उतारा एकदा वाचला. त्याने तो आपल्या शब्दांत जसाच्या तसा सांगितला. वर पुस्तकात नसलेली माहितीही जोडली. कोणत्या गावाला कालव्याचे पाणी कोणत्या महिन्यात येते, कुठे उपसा जास्त आहे, कुठल्या विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप चालतो. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून त्याने सारा तालुका तोंडपाठ केला होता.

मी त्याला विचारले, “अक्षरं दिसतात ना तुला?”

तो म्हणाला, “दिसतात. पण चालत्या एस.टी.तून पाट्या वाचल्यासारखं होतं बघ. एक लागते न लागते तोवर दुसरी जाते.”

वाचनाची ही अडचण नवी नाही. १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने तिला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव दिले. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात बरा. पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदवले आहे. हे वाचताना मला आमच्या गावचे ते दुकान आठवले. सव्वाशे वर्षांचे आणि सात समुद्रांचे अंतर, पण मुलगा तोच!

तेव्हा हा दोष डोळ्यांचा समजत, ‘शब्दांधत्व’ म्हणत. आज ते मत मागे पडले आहे. डोळे पाहतात, कान ऐकतात. पण ऐकलेला शब्द ध्वनींमध्ये फोडणे आणि त्या ध्वनींची कागदावरच्या खुणांशी झटपट सांगड घालणे, हे काम मेंदूत सहज होत नाही. बुद्धिमत्तेशी याचा संबंध नसतो. अतिशय बुद्धिमान मुलालाही ही अडचण असू शकते. ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. कुणाला वाचनात जड जाते, कुणाला लिहिण्यात, कुणाला आकडेमोडीत, कुणाला तिन्हींत. या साऱ्यांना मिळून ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे सरकारी नाव आहे. नाव भारदस्त आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानात त्यातला ‘अक्षमता’ हा शेवटचा शब्द तेवढा राहतो.

पुष्कळांना वाटते की हे इंग्रजी माध्यमाचे दुखणे. मराठी कशी सरळ, बोलतो तशी लिहितो, तिथे असले काही होत नाही. मी त्या तीन आठवड्यांत आपल्या लिपीकडे त्याच्या बाजूने पाहायला शिकले, आणि ती मला तितकी सरळ वाटेनाशी झाली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक काय तो डोक्यावरच्या रेषेचा आणि एका गाठीचा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर. ‘सूर्य’मधला ‘र’ उच्चारायचा ‘य’च्या आधी, आणि लिहायचा त्याच्या डोक्यावर. एकच ‘र’, पण ‘वारा’, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या पाच शब्दांत त्याची पाच सोंगे! ज्याला हे सहज साधते त्याला त्यातली कसरत जाणवत नाही. शिवाय मराठी शाळेतल्या मुलाला तीन भाषांचे ओझे. मराठीच्या तासाला ‘पाणी’ बरोबर, पुढच्या हिंदीच्या तासाला ‘पानी’ बरोबर, आणि त्यानंतर इंग्रजीच्या तासाला स्पेलिंगचे जंगल.

आकड्यांचेही तसेच. आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोनावर नऊ. २०१९ च्याच जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला! ‘बावन्नखणी’चे आता ‘पन्नास दोन खणी’ करायचे का, असे विनोद झाले. भाषेच्या गोडव्याची बाजू मला कळते. मीही कला शाखेची विद्यार्थिनी आहे. पण त्या वादात मला राहून राहून एका मुलाचा चेहरा दिसत होता. तो तारेचे वेढे मोजताना एकही वेढा चुकत नसे, पण वहीत बावन्नऐवजी पंचवीस लिहून मोकळा होई. दोन्हींत अंक तेच, दोन आणि पाच! भाषेचा गोडवा राखताना कुणाच्या जिभेवर तो कडू होतो, एवढे तरी विचारायला हवे होते.

तो दहावीपर्यंत पोहोचला कसा, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे : पाठांतरावर. प्राथमिक शाळेत कविता आणि पाढे ऐकून पाठ होत. धडा वाचायची पाळी आली की शेजारच्या मुलाचे वाचन ऐकून तो पुढचा परिच्छेद ‘वाचत’ असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने ते बदलले, पण त्याची इयत्ता त्याआधीची. हे धोरण वाईट होते असे मला म्हणायचे नाही. नापास करून त्याला वाचता आले असते, असे थोडेच आहे! पण झाले असे की अडचण झाकली गेली, आणि नववीत एकदम उघडी पडली. नववी हा हायस्कूलचा उंबरठा मोठा क्रूर असतो. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची मुले नववीतच अडवायची, ही रीत कितीतरी ठिकाणी आहे. पुस्तके जाड होतात, सात-आठ विषय, उत्तरे पाच-सहा ओळींची. पाठांतराची शिडी तिथे अपुरी पडते. आणि वयही असे की, मूर्ख दिसण्यापेक्षा उनाड दिसणे मुलांना बरे वाटते. वही न आणणे, तासाला दांडी मारणे, उलट उत्तर देणे, ही पुष्कळदा पांघरुणे असतात. ‘अभ्यास केला नाही’ हे सांगताना लाज कमी वाटते. ‘केला, पण जमत नाही’ हे सांगताना जास्त.

त्याचे नशीब एवढे की नववीत नव्याने आलेल्या मराठीच्या बाईंनी त्याच्या वहीत खाडाखोडीच्या पलीकडे काहीतरी पाहिले. त्याच्या तोंडी उत्तरात आणि लेखी उत्तरात जमीन-अस्मानाचे अंतर होते, आणि चुका आळशासारख्या नव्हत्या. त्याच त्या जागी, त्याच त्या प्रकारच्या होत्या. त्यांनी पालकांना बोलावले. वडील आधी चिडले. “माझा पोरगा वेडा नाही,” म्हणाले. “वेडा नाही, म्हणूनच तपासायचं,” असे बाईंनी उत्तर दिले. मग जिल्ह्याच्या गावी खेपा सुरू झाल्या. आधी डोळे आणि कान तपासले, दोन्ही ठीक. मग बुद्धिमापन चाचणी. ती सरासरीच्या वर. मग वाचन-लेखनाची चाचणी. ते तिसरीच्या मुलाइतके. या दोन निकालांमधली जी दरी, तीच त्याची अडचण. चार वेळा दुकान बंद ठेवावे लागले तेव्हा प्रमाणपत्र हातात पडले. काकूंनी ते कागद देवघरात ठेवले होते. मला दाखवताना म्हणाल्या, “पोरी, नऊ वर्षं मी याला मारलं गं अभ्यासावरून.” त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

सरावाच्या दिवसांत लेखनिकाचे काम किती अवघड, ते मला कळले. आधी प्रश्न वाचून दाखवायचा, तो सांगेल ते उतरवायचे, मागितले तर परत वाचून दाखवायचे. बस्स. स्वतःचे काही घालायचे नाही. एकदा सरावासाठी मी त्याला ‘जळालेल्या पंपाचे आत्मवृत्त’ हा विषय दिला. तो डोळे मिटून बोलू लागला. रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये वीज कमी दाबाने येते तेव्हा पंपाच्या अंगात कसा ताप भरतो, मालक ऊस वाळतो म्हणून तरीही बटण दाबतो, आणि शेवटी आतल्या तारा एकमेकींना बिलगून कशा जळतात, असे तो सांगत गेला. माझा हात मागे पडला. एका ठिकाणी मी त्याच्या ‘जळून खाक झालो’ऐवजी ‘भस्मसात झालो’ सुचवले. तो म्हणाला, “पंप असं बोलंल का? मी सांगीन तेच लिही. चुकलं तर माझं चुकू दे.”

हे वाक्य मला परीक्षेत उपयोगी पडले. मार्चमध्ये आम्हांला वेगळी खोली मिळाली, सोबत एक पर्यवेक्षक, आणि तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. आकृत्या आणि नकाशे त्याने स्वतःच्या हाताने काढले. रेषा त्याचे ऐकत असत, अक्षरेच ऐकत नसत. इतिहासाच्या पेपरात प्रसारमाध्यमांविषयी सांगताना तो म्हणाला, “बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दर्पण’ सुरू केले.” माझे पेन थबकले. ‘दर्पण’ १८३२ चे; सहा जानेवारीला पत्रकार दिन असतो, तेव्हा दर वर्षी शाळेत हे सांगतात. १८४० साली जांभेकरांनी सुरू केले ते ‘दिग्दर्शन’ मासिक. दोन्ही नावे ‘द’ने सुरू होणारी, दोन्हींचा जनक एकच. एका आकड्याचा प्रश्न होता. पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत होते. चूक दुरुस्त केली असती तर कुणाला कळले नसते. त्याला स्वतःलाही नाही, कारण लिहिलेले वाचणे हीच तर त्याची अडचण! पण म्हणूनच ते करता येणार नव्हते. ज्याला आपण काय लिहिले ते तपासता येत नाही, त्याने आपल्या हातावर ठेवलेला विश्वास उघड्या तिजोरीसारखा असतो. मी १८४० लिहिले. पेपर सुटल्यावर फाटकापाशी तो एकदम थांबून म्हणाला, “अगं, ‘दर्पण’ बत्तीसचं ना? चाळीसचं ते दुसरं.” आणि मोकळेपणाने हसला. त्याची चूक त्याची होती. ती त्याला सापडलीही. मी ती पुसली असती तर त्याच्या इतर बरोबर उत्तरांवरचा त्याचा हक्कही त्याबरोबर पुसला गेला असता, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने त्याला ऐकवले, “तुझं बरंय बाबा, लिहायला माणूस, वर एक तास बोनस!” ही कुरकुर आपण सगळीकडे ऐकतो, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. परीक्षा इतिहासाची असते तेव्हा आपल्याला तपासायचे असते ते इतिहासाचे ज्ञान. हस्ताक्षर आणि वेग ही ते ज्ञान बाहेर काढण्याची साधने. साधन मोडके म्हणून माल नाही असे समजणे हा कुठला न्याय? आपली परंपरा तर या बाबतीत फार उदार आहे. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, अशी कथा आहे. त्या कथेत अटीही आहेत : गणपतीने म्हणायचे की माझी लेखणी थांबू नये, आणि व्यासांनी म्हणायचे की अर्थ समजल्याशिवाय लिहू नये. महाभारत गणपतीचे आहे असे कुणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने घेतले जाते, पण ग्रंथ ज्ञानदेवांचाच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. यांतल्या कुणाला डिस्लेक्सिया होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. सांगायचे एवढेच की, हात उसना घेतल्याने डोके उसने होत नाही, हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शाळेत शिरलो की विसरतो.

महाराष्ट्राला या बाबतीत थोडा अभिमानही बाळगता येईल. १९९६ साली शालान्त परीक्षेत अशा मुलांना अधिकृत सवलती देणारे आपले राज्य देशात पहिले. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, अशा त्या सवलती. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचे मोठे काम झाले. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घराघरांत पोहोचला. १९९५ च्या अपंगांसंबंधीच्या कायद्यात या अडचणीचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. ही अडचण लवकरात लवकर ओळखून त्यावर योग्य शैक्षणिक उपाय करावेत, असेही तो कायदा सांगतो.

परंतु कायदा शहरात लवकर पोहोचतो, तालुक्याला उशिरा. आणि पोहोचला तरी त्याची एक मर्यादा आहे. सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. दहावीला मार्चमध्ये मिळालेला लेखनिक हा मांडवाच्या दारात मिळालेल्या कुंकवासारखा; त्याने लग्न लागते, संसार शिकता येत नाही. गणिताची सवलत घेतली की दहावी सुटते, पण विज्ञानाची वाट जवळजवळ बंद होते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी आधी सांगायला हवे. आमच्या दुकानातल्या मुलाने ती सवलत घेतली नाही. भूमिती सोडायला तो तयार नव्हता.

शिकवण्याचे उपाय आहेत, आणि ते फारसे खर्चिक नाहीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन व अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी जी रीत घातली तिचे सार असे की, अक्षर एकाच वेळी डोळ्यांनी पाहावे, तोंडाने म्हणावे, कानांनी ऐकावे आणि बोटांनी गिरवावे. एका वेळी एकच नियम, आणि तो पक्का झाल्यावर पुढचा. हे वाचून मला आपली धूळपाटी आठवली! पाटीवर धूळ पसरून, मोठ्याने म्हणत, बोटाने अक्षर गिरवणारी आपली पंतोजींची शाळा नकळत हेच करीत होती. फरक एवढा की तिथे न जमणाऱ्याला छडी होती. हायस्कुलात वेगळ्या युक्त्या लागतात. धडा आधी ऐकवावा, मग वाचायला द्यावा. सर्वांसमोर अचानक मोठ्याने वाचायला उभे करू नये. फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावण्याऐवजी टिपण हातात द्यावे. लांब शब्द तोडून दाखवावा, जोडाक्षराची फोड करून द्यावी. चाचणी कधी तोंडीही घ्यावी. आज मोबाईल मराठी मजकूर वाचून दाखवतो, बोललेले टाइपही करतो. ते यंत्र या मुलांसाठी चैनीची वस्तू नाही. आमच्या शाळेत विज्ञानाचे सर त्याची उत्तरे तोंडी घेत असत. त्यांनी कुठले प्रशिक्षण घेतले नव्हते. “मला विज्ञान तपासायचंय, बाळबोध नाही,” एवढेच ते म्हणत.

तो पास झाला. फार मोठे टक्के नव्हते, पण ते सगळे त्याचे होते. पुढे आय.टी.आय.ला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केला. आता दुकान तोच बघतो. गिऱ्हाइकाचे नाव आणि पंपाचे काम तो मोबाईलमध्ये बोलून ठेवतो. बिले त्याची धाकटी बहीण लिहिते. वाचायला अजून वेळ लागतो. हा आजार नव्हे की औषधाने जाईल. तो जन्माचा सोबती आहे, त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. माझ्या दहावीच्या वर्षी, २०२० मध्ये, कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला तेव्हा त्याने मला निरोप पाठवला होता, अर्थातच आवाजात : “तुझा नकाशा राहिला बघ. मी काढून दिला असता!”

आपल्या महाविद्यालयात, आपल्याच बाकावर, अशी मुले-मुली आहेत. त्यातली काही कला शाखेत आवडीने आली असतील, काही ‘दुसरीकडे काय जमणार’ म्हणून ढकलली गेली असतील. ग्रंथालयात पुस्तक बदलताना रेंगाळणारा, वर्गात वाचायची वेळ आली की पाणी प्यायला जाणारा, व्हायव्हात मात्र खणखणीत बोलणारा कुणी तुम्हांला आठवतो का? त्याला विचारून पाहा. कीव करून नव्हे, मित्र म्हणून.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दर वर्षी हिवाळा सरला की तालुक्यातली हायस्कुले लेखनिक शोधू लागतात. आपण आता त्या कामाला वयाने आणि इयत्तेने बाद झालो आहोत, पण घरी नववीत भाऊ-बहीण असेल तर त्याला पाठवा. ‘अभ्यास बुडेल’ म्हणणाऱ्या आईवडिलांना सांगा की बुडत नाही. मी तीन आठवड्यांत दहावीचे निम्मे पुस्तक एक वर्ष आधीच ऐकून घेतले होते! आपल्यापुरते दुसरे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. आठवी-नववीची पाठ्यपुस्तके स्वच्छ आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करून जवळच्या शाळांना दिली, तर एका सुट्टीत होण्यासारखे ते काम आहे. दहावीच्या दारात हात उसना देण्यापेक्षा नववीच्या आधी आवाज उसना देणे अधिक मोलाचे. मात्र पुस्तकात असेल तेच वाचायचे. बाकीचे तो मुलगा आपल्या डोक्याने करील.